देखणी कॉलनी

सुनेनं जिवाणू वाढवायची चपटी प्लेट बाईंच्या टेबलावर ठेवली, तीही जरा जोरातच.

"ही परवाच टाकून द्यायची होती," बाई म्हणाल्या.

"माहितीये. नाही टाकली."

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. मेंदूज्वराच्या जिवाणूंत त्यांची हयात गेलेली. ही मुलगी घरी त्यांची सून असली, तरी इथं फक्त तंत्रज्ञ होती. वसतिगृहातल्या दोन मुली मेंदूज्वरानं दवाखान्यात पडल्या होत्या, आणि त्यांच्या जिवाणूवर हाताशी असलेली लस चालणार नाही, असा अहवाल बाईंनी कालच पाठवला होता. त्या एका वाक्यावर आरोग्य अधिकाऱ्यांनी बाकीच्या सहाशे मुलींचं लसीकरण थांबवलं. सगळ्यांना गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्या किती दिवस पुरणार?

लस ओळखते ते जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन. ते बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर ओळीनं सात वेळा येतं. बाईंनी प्लेटवरचा एक ठिपका, म्हणजे एका जिवाणूपासून वाढलेली एक कॉलनी, उचलून तिचं जनुक वाचलं, त्यात ते आठ वेळा होतं. एक अक्षर वाढलं की पुढचं सगळं वाचन घसरतं आणि प्रथिन बनतच नाही. मग लस ओळखणार काय, कपाळ!

"बरं, काय सापडलं?"

"या पहिल्या प्लेटवरच्या चाळीस कॉलन्या वाचल्या. एकोणचाळीसांत सात अक्षरं. एकीत आठ. दुसऱ्या मुलीच्या नमुन्यातही तसंच."

"चाळीस? वेडबिड लागलंय का तुला? आपण एक वाचतो."

"तेच तर म्हणतेय. तुम्ही एक कॉलनी उचलता, तिची दुसरी प्लेट करता, त्यातली एक उचलून तिसरी. दर वेळी कुठली उचलता?"

बाईंना ती डोळ्यांसमोर दिसली. गोल, टपोरी, चकचकीत. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी शिकवत, मोठी देखणी कॉलनी बघून उचला, काम सोपं होतं.

"प्रथिन बनवायचा व्याप नाही, म्हणून आठवाली जोमात वाढते," सून म्हणाली. "कामाच्या नावानं बोंब, पण दिसायला छान. आहे ना आपल्या घरात तसा एक नमुना."

"माझ्या मुलाला मध्ये आणू नकोस." पण बाईंना हसू फुटलंच.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि चाळीसच्या चाळीस नोंदी स्वतः तपासल्या. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला तो लगेच.

"साहेब, माझा कालचा अहवाल चुकलाय. लस चालेल. आजच द्यायला लागा."

"अहो बाई, काल तुम्ही ठामपणे नाही म्हणालात, आज ठामपणे हो म्हणताय. मी विश्वास कशावर ठेवायचा?"

"काल मी एक कॉलनी बघून बोलले, आज चाळीस बघून बोलतेय. दुसऱ्या मुलीचा नमुनाही तसाच निघालाय. लेखी पाठवते. चूक माझी आहे, तेही लिहिते. ती कुणी पकडली, तेही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. तासाभरात सुरू करतो."

"सुटलो एकदाचे!" सुनेनं हातमोजे काढले. "चला, चहा घेऊ."

बाई उठल्या नाहीत.

"मोठ्या फ्रीजरची किल्ली दे."

"आत्ता? कशाला?"

"लस चालणार नाही, असं मी याआधी नऊ वेळा लिहिलंय. त्या नऊही वेळचे मूळ नमुने गोठवून ठेवलेत. ते काढायचे."

त्या नऊंपैकी एक नमुना ज्या शाळेतला होता, तिथं लस थांबवल्यावर आणखी तीन मुलं दगावली होती, हे सुनेलाही ठाऊक होतं.

"आई, आता ते कुणी विचारणार नाहीये."

"मी विचारतेय ना." बाईंनी नवे हातमोजे चढवले. "प्रत्येकातल्या चाळीस वाचायच्या. कॉलन्या मात्र तू उचल."