शिरेला चिकटलेली गाठ

डॉक्टरबाईंनी पडद्यावर प्लंबरकाकांच्या यकृतातल्या कर्करोगाच्या दोन गाठी दाखवल्या. थोरली कडेला, मोकळी. सुई आत घालून, टोक तापवून ती जाळता येणार होती. धाकटी मात्र जाड शिरेला चिकटून बसली होती.

"एक जाळणार नि दुसरी ठेवणार?" काका म्हणाले. "अर्धं काम टाकून मी कधी कुणाच्या घरातून उठलो नाही."

"शिरेतलं वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं, काका. लगतची गाठ पुरती तापतच नाही."

"पाइपात पाणी असलं की कितीही तापवा, डाख बसत नाही, तसं?"

"अगदी तसंच."

"मग वॉल्व्ह बंद करा की!"

"अहो, पोट आहे ते, मोरी नव्हे," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसल्या. "तुमच्या यकृताला ते सोसणार नाही. पण थोरली जळली की तिचे अवशेष आतच राहतात. त्यांवरून शरीराच्या पहारेकरी पेशींना शत्रूची ओळख पटू शकते. कर्करोगाने त्यांना लावलेला ब्रेक आपण सलाइनमधल्या औषधाने सोडवायचा. धाकटीला त्याच गाठतील."

"नक्की?"

"सगळ्यांना लागू पडत नाही. तरी तुमच्यासाठी मी हेच निवडेन. फक्त खाज, खोकला, जुलाब, काहीही झालं तर लगेच फोन. ब्रेक सुटला की या पेशी कधीकधी घरच्यांनाच झोडपतात."

थोरली ठरल्याप्रमाणे जळली. औषधाचा पहिला डोसही पार पडला. दुसऱ्याला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. "तब्येत फर्स्ट क्लास!"

"सांगा ना, चार दिवस संडासातून कोण बाहेर येत नाही ते," काकू म्हणाल्या.

काकांनी बायकोकडे रागाने पाहिलं. "औषध काम करतंय, त्याची खूण असेल ती. सांगितलं की या औषधच बंद करणार. मग धाकटीचं काय?"

डॉक्टरबाईंनी सलाइनची नळी बाजूला ठेवली. "काका, घरात गळती लागलीय. तुम्ही आधी काय करता?"

काकांनी नखं बघत उत्तर दिलं.

"मेन कॉक बंद."

"कायमचा?"

"कायमचा कशाला? गळती काढायची, मग चालू."

"मी तेच करतेय. आतड्याला सूज आलीय का ते बघू, गोळ्या देऊ. शांत झालं की पुन्हा सुरू."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळत्या हुडकल्या," काकू पुटपुटल्या, "आणि स्वतःची लपवली."

आतडं गोळ्यांनी ताळ्यावर आलं. औषध पुन्हा सुरू झालं.

पुढच्या स्कॅनमध्ये थोरलीच्या जागी नुसता काळा व्रण होता. धाकटी दाखवायला डॉक्टरबाईंना चित्र मोठं करावं लागलं.

"म्हणजे आहे अजून?"

"आहे. पण निम्मीसुद्धा उरली नाही."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत नीट मागे रेलून बसले आणि शर्टाची बाही कोपराच्या वर गुंडाळली.

"लावा सलाइन. काम संपल्याशिवाय मी उठत नाही."