थांबा पुलाच्या तोंडाशी

वहिनींनी हिशेब आधीच मांडून ठेवला होता. संगणकावर नकाशे करायला जमलं, की नगररचना कार्यालयातली मोरीच्या भिंतीला चिकटलेली खुर्ची सुटणार आणि नियोजनाच्या खोलीत बढती मिळणार. त्या बदल्यात जाणार काय, तर थोडी अब्रू. कारण शिकवणारी होती धाकटी नणंद. ती त्याच कार्यालयात संगणकावर बसायची आणि वहिनींच्या हातच्या नकाशांना भरतकाम म्हणायची.

अब्रू लगेचच गेली. वहिनींनी घरांचा रंगीत थर रस्त्यांच्या थरावर टाकला आणि सगळे रस्ते गडप झाले.

"वहिनी, माशा बसतील म्हणून झाकून ठेवलंस का शहर?"

"तू शिकव गं. जीभ घरी ठेवून ये."

पण हात बसत गेला. मग बढतीसाठी काम मिळालं ते नेमकं त्यांच्याच वस्तीतलं: बसथांबा कुठे असावा, हे नकाशावर दाखवून द्यायचं. सध्याचा थांबा त्यांच्या दारातच होता. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, तरी त्या दारातून बस धरून रोज आजारी बहिणीपाशी बसून यायच्या. तो थांबा हलला, तर त्यांचं जाणंच खुंटणार.

वहिनींनी थांब्याभोवती चालत येण्याजोग्या अंतराचं वर्तुळ काढलं. आत भरपूर घरं आली. थांबा जागच्या जागी, बढतीही पदरात.

नणंदेने पडद्यावर बोट ठेवलं. "ही रुळांपलीकडची माणसं उडून येणार का?"

वर्तुळाला रेल्वे दिसत नाही. वहिनींनी वर्तुळ पुसून संगणकाला रस्त्यारस्त्याने चालायचं अंतर मोजायला लावलं, तशी पलीकडची वस्ती निम्मी गळाली. तिला पुलावरून वळसा पडत होता. थांबा पुलाच्या तोंडाशी सरकवला, की सगळी परत आत.

"साहेबांना वर्तुळंच आवडतात," वहिनी पुटपुटल्या. "कोण बघतंय?"

"मी बघितलंय." मग नणंदेचा आवाज उतरला. "पण आई माझीच आहे. तूच ठरव."

संध्याकाळी वहिनींनी लॅपटॉप सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. सगळं सांगून झालं, तरी म्हातारी पडद्याकडेच बघत राहिली.

"यात आपलं घर कुठलं?"

"हे, आई."

"एवढंसं? आणि यासाठी सगळ्यांना वळसा घालायला लावतेस?"

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. त्यांची काळजी नकाशात कशाला? पलीकडेही कुणाची तरी सासू असेल." मग म्हणाल्या, "पुलापर्यंत सोडायला येशील ना?"

"येईन की."

"मग झालं. हलव तो थांबा."

वहिनींनी तो हलवला. साहेबांनी मान डोलावली, बढतीचा कागद आला, नणंदेने आपण गुरू असल्याचं कार्यालयभर सांगून टाकलं. पलीकडच्यांना बस मिळाली. ती कुणी दिली, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

आता रोज सकाळी कार्यालयात जाण्याआधी वहिनी सासूबाईंना धरून पुलाकडे निघतात. वाटेत दोनदा टेकावं लागतं. वहिनींना कार्यालयात उशीर होतो, नियोजनाच्या खोलीतले नवे साहेब तोंड वाकडं करतात. किंमत सासूबाईंच्या गुडघ्यांनी भरली, पावलापावलाने. आणि त्यातला निम्मा भार वहिनींच्या खांद्यावर.