पाच हजारांवर थांबलेला काटा

"परवाच फोडलाय हा डबा. अजून कुणाला बोटभर दिलं नाही, आणि आत बघा, अंगठ्याचा खड्डा," स्टोअरकीपर वहिनीच्या कानाशी कुरकुरला. "सहा महिने झाले, एकाही यंत्राला ग्रीस लावायचं नाही असा हुकूम. मग हे निळं ग्रीस खातंय कोण?"

वहिनीने डब्यात डोकावून पाहिलं. खड्डा ताजा होता. ती काही बोलणार तोच भोंगा झाला आणि अख्खं यार्ड तीन नंबरच्या पंपाकडे धावलं. स्टोअरकीपरही धावला. झाकण लावायचं राहूनच गेलं.

ट्रकवर बसवलेल्या त्या पंपाभोवती साठेक माणसं दाटीवाटीने उभी होती. ड्रायव्हर, वेल्डर, सिमेंटची पोती वाहणारे, हात पुसत आलेला कँटीनवाला, सगळ्यांच्या मागे मान खाली घातलेला फोरमन. मध्ये महाराज, अंगावर काळी शाल. पाण्याने पाइप भरले, टोकाचा व्हॉल्व बंद केला आणि पंप चढवला. दाबाच्या गेजचा काटा पाच हजारांवर आला तसा पंप थांबवला. नियम असा, की इथून पुढे दहा मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. हलला, तर कुठेतरी गळतंय असं समजायचं आणि सगळं उघडायला घ्यायचं.

महाराजांनी शाल गेजवर टाकली, दोन्ही हात शालीत घातले आणि डोळे मिटले.

"माय, तू रागावलीस. यांनी तुला ऊठसूट उघडलं, खरवडलं, तुझ्या पोटात ब्रश घातले. पोलादाला मन नसतं असं वाटलं या खुळ्यांना. आता तुला कुणी हात लावणार नाही. थांब माय, थांब."

शाल बाजूला झाली. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा. काटा भिंतीला खिळा मारावा तसा उभा. मागे कुणीतरी हुंदका दिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागदावर सही केली आणि महाराजांसाठी खुर्ची मागवली.

महाराज एकेकाच्या कपाळावर अंगठा टेकवू लागले. सगळ्यांत आधी पुढे झाला तो वहिनीचा दीर. उद्या सकाळी हाच पंप घेऊन तेलाच्या विहिरीवर तोच जाणार होता.

वहिनी मागेच राहिली. तिचा नवरा याच पंपाचा ऑपरेटर होता, सगळ्या यार्डाचा दादा. म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दोन वर्षांपूर्वी काम चालू असताना याच पंपाच्या पुढचा वळणाचा पाइप, म्हणजे बेंड, फुटला आणि दादा जागीच गेला. पंपाने बळी घेतला, असं कुणीतरी स्मशानातून परततानाच म्हणालं, आणि तेच कायम झालं. वहिनीला यार्डाने व्हॉल्वच्या शेडमध्ये कामाला घेतलं. तिने शाळा अर्धवट सोडलेली, पण यंत्राबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकातली चित्रं बघून बघून ती काम शिकली. तेलाची विहीर खोदली की तिच्यात पोलादी पाइप उतरवतात आणि पाइप व माती यांच्यामधली फट पातळ सिमेंट दाबून भरतात. ते सिमेंट जाताना सगळं आतून कानशीसारखं घासत जातं. थोडं मागे राहिलं की दगड होतं. म्हणून प्रत्येक कामानंतर धुवायचं, रबर बदलायचं, ग्रीस भरायचं, बेंडची जाडी मोजायची. पोराला न्हाऊ घालावं तसं रोजचं काम होतं ते, आणि तसंच कंटाळवाणं.

सहा महिन्यांपूर्वी महाराज आले आणि ते काम बंद झालं. दादा गेल्यावर तीन नंबरजवळ कुणी फिरकेना, म्हणून साहेबांनी त्यांना बोलावलं होतं. यंत्र उघडू नका, एवढाच त्यांचा उपदेश. साहेबांना तो पटकन पटला, कारण पंप उघडला की तीन दिवस काम बंद राहायचं, आणि महाराजांचा हात दहा मिनिटांत मोकळा व्हायचा. आता वहिनी शेडमध्ये बसून नट निवडायची, मोठे एका डब्यात, छोटे दुसऱ्यात.

संध्याकाळी दीर जेवायला बसला तेव्हा तिने दिव्याच्या उजेडात त्याच्या कपाळाकडे पाहिलं.

"भाऊजी, तोंड नाही धुतलंत?"

"कपाळ नाही धुतलं. उद्यापर्यंत राहू दे म्हणालेत महाराज."

वहिनीने पुढे होऊन त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. बोट निळं झालं. तिने ते दुसऱ्या बोटावर चोळलं, वास घेतला. वर्षभर हाताळलेली वस्तू माणूस अंधारातही ओळखतो. यंत्राला आयुष्यात हात न लावलेल्या त्या महाराजांच्या अंगठ्याला स्टोअरमधल्या त्याच डब्यातलं ग्रीस लागलं होतं.

"उद्या जाऊ नका," ती म्हणाली.

दिराने ताट थोडं पुढे सरकवलं. "वहिनी, दादाच्या वेळी कुणी हात ठेवला नव्हता. माझ्या वेळी ठेवलाय. तेवढ्या बळावर तर मी त्या पंपाजवळ उभा राहतो. ते काढून घेऊ नका."

त्याच्या भीतीला आधार सापडला होता, आणि आधार खोटा आहे हे नुसतं सांगून चालणार नव्हतं. दाखवायला हवं होतं.

सकाळी पहिला भोंगा व्हायच्या आत ती तीन नंबरवर चढली. पंप पाहून तिचा जीव हळहळला. व्हॉल्वच्या टोप्यांवर सिमेंटची खपली, बोल्ट गंजलेले, ग्रीसच्या तोट्या कोरड्या ठणठणीत. सगळं उपाशी. एकच गोष्ट तेवढी खाऊनपिऊन तुकतुकीत होती. गेजच्या खाली, नळीवर, गेजकडे जाणारा दाब बंद करायला लावलेला चिमुकला कॉक. निळ्या ग्रीसने माखलेला. तिने करंगळी लावली तर तो आवाज न करता फिरला.

वहिनी स्वतःशीच हसली. बुवा निदान एका वस्तूची देखभाल नीट करत होता.

निघण्याआधी साहेबांनी आणखी एकदा हात ठेवायला सांगितला. पुन्हा गर्दी, पुन्हा भोंगा, पुन्हा पाच हजार. शाल पडली, माय रागावली, माय शांत झाली. दहा मिनिटं काटा उभा. साहेबांनी पेन काढलं.

"सही थांबवा," वहिनी म्हणाली. "आणि सगळे मागे व्हा. त्या लोखंडी आडोशापलीकडे. मी टोकाचा व्हॉल्व सोडते आहे."

साहेब म्हणाले, "अहो, पाच हजारांचा दाब आहे त्यात. माणूस चिरून निघेल."

"खरंच असला तर निघेल. म्हणून तर मागे व्हा म्हणते. माझा महाराजांवर विश्वास नाही, दाबावर आहे."

कुणी हललं नाही. मग ती दिराकडे वळली आणि नुसतं बघत राहिली. तो मागे सरकला, तसे बाकीचेही सरकले. महाराज सगळ्यांच्या आधी आडोशामागे पोचले होते. हे कँटीनवाल्याने पाहिलं आणि पुढे वर्षभर चहाबरोबर वाढलं.

वहिनीने लांब दांड्याची चावी लावली, स्वतः बाजूला उभी राहिली आणि कणाकणाने व्हॉल्व फिरवला. पाण्याची धार कमानीसारखी उडायला हवी होती. पाइपातून एक थेंब लोंबला, विचार करून खाली पडला, त्यामागे बोटभर पाणी ओघळलं. एवढंच. व्हॉल्व पुरता उघडला. पाइप रिकामा, तोंड आ वासलेलं, आणि वर गेजचा काटा पाच हजारांवर.

आडोशामागून माना पुढे आल्या.

"भाऊजी, या इकडे," ती म्हणाली. "गेजखालचा तो कॉक फिरवा. ग्रीस आहे, त्रास होणार नाही."

दिराने बोट लावलं. कॉक फिरला, आणि काटा सरळ शून्यावर आपटला.

मग तिने सोपं करून सांगितलं. पंप थांबला की शालीखाली अंगठ्याने हा कॉक बंद करायचा. गेजमध्ये कोंडलेला दाब गेजमध्येच राहतो, काटा तो दाखवत बसतो. पंपाचे व्हॉल्व झिजलेत, पलीकडे दहा मिनिटांत सगळा दाब गळून जातो, आणि तो कुणाला दिसत नाही. जाताना कॉक पुन्हा उघडायचा. नवीन गेज बसवणारा कुणीही एका दिवसात शिकेल.

महाराज म्हणाले, "बाईच्या हाताने माय बाटली. आता कोप झाला तर माझ्याकडे येऊ नका."

"तुमच्याकडे नाही येणार. तुमचा उजवा अंगठा दाखवा."

महाराजांनी हात शालीत घेतला. साठ माणसांनी तो हात आत जाताना पाहिला. कालच्या हुंदक्यावाल्याने आपलं कपाळ बाहीने खसाखसा पुसलं.

"नमस्कार कुणाला करायचा ते ज्याचं त्याने बघावं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "पण यंत्र रागावत नाही. झिजतं. राग मापता येत नाही, झीज मापता येते. ब्रश घातल्याने पंप दुखावला असं जो सांगेल, त्याला आधी विचारा की न घातल्याने कोणाची सोय होते. माझा नवरा गेला. बळी गेला म्हणालात, मी ऐकून घेतलं, कारण तुम्ही सगळे रडत होतात. आज त्याचाच भाऊ त्याच पाइपाशेजारी उभा राहणार. मी पुन्हा ऐकून घेणार नाही. पंप उघडल्याशिवाय आणि प्रत्येक बेंड मोजल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जाणार नाही. जायचं तर माझ्यावरून न्या."

साहेब चाचरत म्हणाले, की झालं गेलं, दादाच्या वेळची गोष्ट वेगळी, ती दैवाची होती. आणि सवयीने त्यांनी फोरमनकडे पाहिलं, त्याने मान डोलवावी म्हणून.

फोरमनने मान डोलवली नाही. दोन वर्षांत तो वहिनीसमोर कधी नजर वर करून उभा राहिला नव्हता. तिला शेडमध्ये काम मिळावं म्हणून साहेबांच्या मागे लागला होता तो हाच, आणि ती दिसली की रस्ता बदलायचा तोही हाच. आता तो आडोशाबाहेर आला. खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढून त्याने तो वहिनीच्या हातात ठेवला.

"तो बेंड मी मापला होता, वहिनी," तो म्हणाला. "फुटायच्या आदल्या दिवशी. पातळ निघाला होता. पंपाने नाही मारलं दादाला. मी पास केला होता."