खाचरातलं यंत्र

यंत्र बैलगाडीतून अंगणात उतरलं तेव्हा अख्खं आंबी गाव आमच्या दारात लोटलं होतं. दोन मुठी, दोन चाकं, मागे वाकड्या पात्यांचा कणा. त्याच्यामागे चालत जायचं आणि ते पुढे चिखल करत जाणार. बैलांवाचून. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नारळ फोडला आणि यंत्राबरोबर आलेले मेस्त्री शिकवायला लागले. शिकणार होते आमचे गडी कोंडूभाऊ. आमच्या घरी नांगर त्यांच्याच हाती.

मी ओटीवर नीरूला पाजत बसले होते. पदराआडून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. मुठीखालचा दांडा दाबून धरला की यंत्र चालतं, सोडला की उभं राहतं. इंजिनाजवळची तांबडी कळ ओढली की इंजिन बंद. पात्यांत काही गुंतलं तर आधी कळ ओढायची, पाती थांबू द्यायची, मग काठीनं काढायचं. हात घालायचा नाही, कितीही घाई असो. नीरू दूध पिता पिता झोपली तरी मी उठले नाही. माझे तळहात शिवशिवत होते. हे मला चालवायचं होतं.

स्वयंपाकघरात मी ते बोलून गेले. सासूबाई रागावल्या नाहीत, हसल्याच. नांगराला बाईचा हात लागला तर पीक रुसतं, एवढंही तुझ्या आईनं सांगितलं नाही का, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नीरूला कडेवर आणि न्याहारी डोक्यावर घेऊन मी भाताच्या खाचरावर गेले. रोप आवणीला, म्हणजे लावणीला, आलं होतं, पावसानं उघडीप दिली होती. बांधावर माणसंच माणसं. आबा पलीकडच्या बांधावर इरलं पाठीवर टाकून उभे. अलीकडे भागूबाई, कोंडूभाऊंची बायको, नवऱ्याकडे बघून बघून हसत होती. म्हणाली, बैलांना शिव्या घालायचा, आता कुणाला घालंल?

यंत्र फडफडत चाललं होतं. मागे चिखल असा लोण्यासारखा निघत होता की मलाच नाचावंसं वाटलं. मग माझं लक्ष कोंडूभाऊंच्या हातांकडे गेलं. ते तंबाखू मळत होते. दोन्ही हातांनी.

नांगरामागे चालताना एक हात रुमण्याच्या मुठीवर आणि दुसरा मोकळा, ही त्यांची जन्माची सवय. या यंत्राला दोन्ही हात लागत. म्हणून त्यांनी दांडा मुठीशी बैलांच्या कासऱ्यानं करकचून बांधून टाकला होता.

तेवढ्यात बांधाकडेचा वेल पात्यांत गेला. यंत्र कण्हलं, जागच्या जागी हिसके देऊ लागलं. कोंडूभाऊ पुढे झाले. “हो, हो, हो,” म्हणत त्यांनी इंजिनावर थाप मारली आणि बैलाच्या पायातला दोर सोडवायला वाकावं तसे पात्यांशी वाकले.

मी ओरडले. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? नीरूला भागूबाईच्या हातात कोंबलं आणि खाचरात उडी टाकली. चिखल गुडघ्याएवढा, पाय निघेना. त्यांची बोटं वेलाला लागली होती. मी धडपडत पोचले आणि तांबडी कळ ओढली.

सगळं शांत झालं. माझा हात अजून कळीवरच होता आणि सगळा बांध त्या हाताकडे बघत होता.

कोंडूभाऊ हळूच म्हणाले, “वैनी, बाईमानसानं हात लावला व्हय?”

“कोंडूभाऊ, आधी ती दोरी सोडा.”

त्यांनी सोडली. काठी घेऊन मी वेल ओढू लागले. शेवटचा पिळा सुटला आणि बंद इंजिनाची पाती साठलेल्या ताणानं एकदम अर्धा फेरा फिरली. काठी हातातून उडाली. तिचं टोक चेचलं होतं. कोंडूभाऊंनी काठीकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे, आणि बांधावर जाऊन बसले. दोन्ही हात अडकवून ठेवणारं जनावर आपल्याला नको, म्हणाले.

आबा चिखल तुडवत आले. कळ कोणती ते तुला कुणी सांगितलं, विचारलं. म्हटलं, ओटीवरून ऐकलं, नीरूला पाजताना. त्यांनी चेचलेली काठी उचलून बघितली. आता घरी जा म्हणाले असते तर मी गेलेही असते.

बोलली ती भागूबाई. आवाज जरा थरथरत होता, पण तोंड तेच. “हात तर लागलाच की, आबा. पीक रुसायचं ते रुसलं आसंल. मग ऱ्हायलेलं खाचर तरी व्हऊन जाऊ द्या.”

आबांच्या मिशा हलल्या. त्यांनी स्वतः इंजिन चालू केलं आणि मागे सरले.

“पदर खोच घट्ट,” म्हणाले. “सुटं काही लोंबायला नको.”

मी पदर खोचला, मुठी धरल्या, दांडा दाबला. अगं बाई! ते मला ओढूनच निघालं. खांद्यापर्यंत थरथर, तोंडावर चिखल, पायाखाली गार गार लोणी. वळणावर दांडा सोडला, ते उभं राहिलं. पुन्हा दाबला, निघालं. माझ्या सांगण्यावरून.

भागूबाईच्या कडेवर नीरू रडायला लागली होती, तिची वेळ झाली होती. माझी चोळीही दुधानं ओली झाली. येते गं बाळा, येते, असं म्हणत म्हणत मी यंत्र उरलेल्या कोपऱ्याकडे वळवलं.