बदामाखालच्या गाडीचं मीटर

"पार्किंग गाड्यांसाठी असतं, बिऱ्हाडासाठी नव्हे. उद्या यांना नळही हवा होईल."

रावसाहेब हे माझ्यापासून वीतभर अंतरावरून म्हणत होते. मध्ये फक्त गाडीचा पत्रा. मी आत पलंगाखालच्या खणात डोकं घालून आडवी पडले होते, हातात बॅटरीची जाड काळी वायर. आमच्या सोसायटीचे हे सेक्रेटरी बाहेर आपल्या स्कूटरवर निळं आवरण चढवत वॉचमन दशरथला ऐकवत होते, म्हणजे मला ऐकवत होते.

"नळ आहे, रावसाहेब," मी आतून म्हटलं. "टाकीही बसवलीय. चहाला या."

आवरणाची सळसळ थांबली.

"साखर कमी घालता ना?" त्यांनी विचारलं.

ही गाडी पूर्वी शाळेची मुलं न्यायची. हे, म्हणजे माझे यजमान यज्ञेश्वर, हिंजवडीतल्या नोकरीतून मोकळे झाले, तेव्हा कंपनीनं दिलेल्या पुष्पगुच्छातच बहुधा हे खूळ गुंडाळलेलं असावं. बाकं काढली, पलंग टाकला, छोटा ओटा केला, टपावर सोलरची पॅनेलं चढवली. समुद्राच्या कडेकडेनं थेट गोकर्णापर्यंत जायचं ठरलं. गाडी यांनी चालवायची, वायरिंग माझं. मी शिवणकाम करणारी बाई. वायर म्हणजे जरा जाड दोरा, एवढ्या धीरावर व्हिडिओ बघत शिकले.

मग यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं लख्ख दिसायचं, पण कडेचं विरत चाललं होतं. डाव्या हाताशी ठेवलेला कप लवंडायचा. पार्किंगचा खांब गाडीला "येऊन लागला", तेही दोनदा. डॉक्टरीणबाई घुटमळत म्हणाल्या, "गाडीचं जरा बघा." आम्ही बघितलं. गाडीला फ्रिज बसवला.

तेव्हापासून कामं संपेनात. लेक भाग्यश्री बेंगळुरूहून सांगायची, "बाबा, अजून एक फॅन हवा. व्हेंटिलेशन इज इम्पॉर्टंट." पंखा झाला की मी मच्छरदाणीचं काढायची. मच्छरदाणी झाली की दशरथ म्हणायचा, "साहेब, टायर एकदा दाखवून घ्या." गाडी हलावी म्हणून रावसाहेब देव पाण्यात घालून बसलेले, पण हे किल्ली घेऊन खाली आले की तेसुद्धा म्हणायचे, "घाई काय आहे? घाटात पाऊस आहे अजून." यांच्या हाती स्टिअरिंग द्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते यांना सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. म्हणून आम्ही सगळे मिळून गाडी सजवत होतो.

दुपारी मात्र आमचा प्रवास चालायचा. बदामाखाली गाडी उभी, मागचं दार उघडं, पलंगावर आम्ही दोघं पाय सोडून बसलेले.

"आज कुठं?" हे विचारायचे.

"वेळासला."

वाऱ्यानं रावसाहेबांच्या स्कूटरचं निळं आवरण फुगायचं, खाली बसायचं, पुन्हा फुगायचं. डोळे किलकिले केले की भरती यायची. जिन्यात कुणीतरी मासे तळले तर सोन्याहून पिवळं. कर्वे रस्त्यावरचे हॉर्न लांबून ऐकले की बोटीच्या भोंग्यासारखे वाटतात, हे मला त्या दुपारींनी शिकवलं. सोळा वर्षांच्या मुलीसारखी मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसायची, आणि वरच्या मजल्यावरची गॅलरी आमच्याकडे बघून कपडे वाळत घालायची.

शेवटचं काम होतं बॅटरीच्या मीटरचं. बॅटरीतून बाहेर पडलेली वीज काम करून परत येते. परतीच्या वाटेवर पितळी ठोकळ्यासारखा शंट बसवायचा, म्हणजे प्रत्येक वायरीला त्या दारातूनच घरी यावं लागतं, आणि मीटर दाराशी बसून मोजतं. बुधवार पेठेतून वायरींच्या टोकांना बसवायची थिंबलं आणली, नट आवळले. ओट्याशेजारी टिकलीएवढा दिवा लागला आणि आकडे उमटले. ढग आला की आकडा उतरायचा, उन्हाची तिरीप आली की चढायचा. गाडी झोपेत श्वास घेतेय असं वाटायचं.

"किती?" हे डोळे मिटून विचारायचे. मी वाचून दाखवायची आणि हे रागदारी ऐकल्यासारखी मान हलवायचे.

"आता काही राहिलं नाही," एक दिवस म्हणाले. "रविवारी निघू."

आणि मीटर बिघडलं. म्हणजे मीटर म्हणायचं बॅटरी भरलेली आहे, आणि सकाळी दिवे मरगळलेले असायचे. काय आनंद झाला सगळ्यांना! "बाबा, हे सॉर्ट झाल्याशिवाय निघायचं नाही हं," भाग्यश्री म्हणाली. रावसाहेब म्हणाले, "विजेशी खेळ नको." यांच्याही चेहऱ्यावर मला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं, पण ते मी मनात ठेवलं.

शनिवारी दुपारी मला दोष सापडला. डॅशबोर्डवर आमचा गणपती, त्याच्यापुढे लाल दिवा, शेजारी जप म्हणणारी डबी. गाडी आली त्याच दिवशी यांनी हे स्वतः जोडलं होतं, थेट बॅटरीला. देवाच्या दिव्याला बटण लावत नाहीत म्हणे. रावसाहेबांना त्रास नको म्हणून डबीचा आवाज पार उतरवलेला, पण आत तिचा जप रात्रंदिवस चालूच. तिची काळी वायर शंटच्या दारातून न येता मागच्या बाजूनं सरळ बॅटरीवर येत होती. मीटरला तिचा पत्ताच नव्हता. देव हिशेबाबाहेर राहिला होता.

एक नट सैल करायचा, वायर पलीकडे न्यायची, संपलं. पाना हातात धरून मी बसून राहिले. झाकण परत लावलं असतं तर अजून महिनाभर वेळास, हर्णै, जिथं म्हणू तिथं राहता आलं असतं. फार मोह झाला.

"हेमा, सापडलं का?" यांनी बाहेरून विचारलं.

मी वायर शंटच्या पलीकडे नेऊन जोडली. "सापडलं."

"मग झालं तर सगळं." आवाज अगदी बारीक. मग खाकरून म्हणाले, "चल, कर्वे पुतळ्यापर्यंत चक्कर मारून बघू."

हे स्टिअरिंगला बसले. मी शेजारी. दशरथ धावत आला, "साहेब, डाव्या चाकात हवा कमी वाटतीय!" स्कूटर पुसता पुसता रावसाहेब म्हणाले, "आभाळ भरून आलंय हो." आभाळ निरभ्र होतं. यांनी इंजिन चालू केलं. दशरथ बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी येऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला.

यांनी समोरच्या काचेतून काळजीपूर्वक बघितलं.

"डावीकडे मोकळं आहे," म्हणाले, आणि गिअरकडे हात नेला.

मी त्या हातावर माझा हात ठेवला.

"अहो, डावीकडे दशरथ उभा आहे. तुम्हाला तो दिसत नाही. यापुढे गाडी तुम्ही चालवायची नाही."