आप्पांची रेघ

घशाच्या ऑपरेशनात आप्पांचा आवाज गेला तेव्हापासून घरातली भांडणं निम्म्यावर आली, असं त्यांचा मुलगा हसत सांगायचा. आप्पा पाटीवर लिहायचे, ‘उरलेली निम्मी तुझी.’ आयुष्यभर दुकानांचे बोर्ड रंगवलेला माणूस. टोमणासुद्धा इतका वळणदार काढायचा की वाचणाऱ्याला राग यायच्या आधी अक्षराचं कौतुक वाटावं.

पण नातीला वाचता कुठे येत होतं? ठमी जेमतेम तीन वर्षांची. आप्पांनी टाळ्या वाजवल्या की तिला वाटायचं खेळ चाललाय, मग ती फाटकाकडे आणखीच जोरात पळायची. आणि सोमवारपासून तिची आई पुन्हा कामावर जाणार होती. ठमी आप्पांजवळ राहणार की पाळणाघरात, ते काही ठरत नव्हतं.

“आप्पांचा जीव आहे तिच्यावर, नाही कुठे म्हणतोय मी?” नवरा तिला म्हणाला. “पण ती रस्त्यावर धावली तर हाक कोण मारणार?”

आप्पा तिथेच बसले होते. त्यांनी खडू पाटीवर टेकवला आणि काही न लिहिताच खाली ठेवला. सुनेच्या मनाला ते फार लागलं.

हाताने लिहिलेलं कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचं, हेच तिचं काम. सोमवारच्या आधी एक दिवस ती ऑफिसात भेटायला गेली, तर याचा पुढे काय काय उपयोग होईल, जरा डोकं चालवा, असं साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी म्हणालं बँकेच्या स्लिपा. कुणी म्हणालं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तर दुसरा म्हणाला, “त्याला कॉम्प्युटर नाही, देवच लागेल.” तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन, पडद्यावरच पेनाने लिहिता येईल असा आपला कॉम्प्युटर आप्पांपुढे ठेवला.

“लिहा आप्पा. हा वाचेल आणि मोठ्याने बोलेल.”

आप्पांनी लिहिलं. ओळ पुरी झाली आणि पडदा कोरा. पुन्हा लिहिलं, पुन्हा कोरा. त्यांनी पाटी ओढली. ‘सूनबाई, तुझा पोपट दाणे सोडून अक्षरं गिळतो.’

नवऱ्याने लिहिलं की तो बरोबर वाचायचा. तिने लिहिलं तरी वाचायचा. मग आप्पांच्याच अक्षराशी काय वाकडं होतं याचं? ठमी झोपल्यावर ती त्यांच्या शेजारी बसली, पण या वेळी तिने पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या हाताकडे बघत राहिली. आप्पा सगळी अक्षरं आधी बोडकी काढत होते, दोरी नसताना वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ओळ संपली की मग डावीकडून उजवीकडे एका दमात डोक्यावरची रेघ. बोर्डवरची सवय ती. रेघ तुकड्या-तुकड्याने काढली की दात पडल्यासारखी दिसते.

आणि आडवी लांब रेघ दिसली की लिहिणाऱ्याने मजकूर खोडलाय असं समज, हे कॉम्प्युटरला तिनेच शिकवलं होतं.

“अगं बाई!” ती स्वतःशीच हसली. “आप्पा, तुम्ही रेघ देताय आणि याला वाटतंय तुम्ही खोडताय. माझाच नियम हा.”

‘मग काढून टाक.’

“काढते कशाला? डोक्यावर बसवते.”

ठमी झोपली की तेवढ्या वेळात ती त्यावर काम करायची. रेघ अक्षरांच्या पोटातून गेली तर खोड. डोक्यावरून गेली तर वाक्य झालं, बोल. रविवारी कॉम्प्युटर अंगणाकडच्या खिडकीत बसला. आप्पांनी लिहिलं, रेघ ओढली, आणि एक सपाट, ठणठणीत आवाज म्हणाला, “चहा कुणी टाकतंय का?”

नवरा हसला, पण हाताची घडी काही सोडली नाही. “छान आहे. पण एवढं लिहीपर्यंत ती कोपऱ्यावर पोचेल.”

खरं होतं ते. तिने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि पडद्यावर नुसती रेघ ओढली, खाली एकही अक्षर नाही. कॉम्प्युटर गप्प. त्यांनी पेनाने तिच्या मनगटावर टक टक केलं, कळतंय का, अशा नजरेने.

तिला कळलं. चहा गार होईपर्यंत तिचं काम झालं होतं.

ठमीला अंगणात सोडली. फाटकाबाहेर नवरा उभा राहिला, न जाणो काय होईल. ठमी निघाली ती थेट फाटकाकडे. आप्पांनी नुसती रेघ ओढली.

“ठमे, थांब!”

ठमी थांबली, एक पाय उचललेलाच. “कोण ओरडलं?”

आप्पांचा हात झरझर चालला. “मी. तुझा आजोबा.”

“खोटं! तू डबा आहेस.”

“डबा तुझा बाप. इकडे ये, दाखवतो.”

ठमी खिडकीशी आली. आप्पांनी तिच्यासमोर हळूहळू लिहिलं. तिने पेन बघितलं, रेघ बघितली, आवाज ऐकला, आणि पडद्याकडे पाठ करून आप्पांच्या मांडीवर चढली. “आप्पा, आणखी बोल ना!”

नवऱ्याने हाताची घडी सोडली. आत गेला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. “फाटकाची कडी तेवढी वर बसवतो. दोन्ही असलेलं बरं.”

सोमवारी ती फाटकाबाहेर पडली तेव्हा खिडकीत खडाजंगी चालू होती.

“चप्पल घाल.”

“नाही घालणार!”

“घालशील.”

“आप्पा, तू रेघच नको मारू!”

ती मागे न बघता चालू लागली. उपयोग काय सापडला, म्हणून साहेब विचारणार होते, आणि कुठून सुरुवात करायची ते तिला पक्कं ठाऊक होतं.