माझ्या पोटातला बर्फ

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रुग्णांचे नमुने गोठवून सांभाळणे हे माझे काम. नवा होतो तेव्हा तपासनीस ताई मला पुसून चकचकीत ठेवत. आता माझे दार कंबरेचा धक्का दिल्याशिवाय लागत नाही, आणि बर्फ इतका साचतो की त्या रोज करवादतात, "मेल्या, पोट आहे की डोंगर!"

मग शेजारी जनुके वाचणारी पेटी आली. बाईसाहेबांचा काय तो थाट! नमुन्यात ज्या कुणा जंतूचे जनुक असेल, त्याचे नाव म्हणे ती सांगते. तिच्यासोबत नवा फ्रीझरही आला आणि माझी रवानगी भंगारात ठरली. ताईंनी दिसले ते सारे नमुने तिकडे हलवले, माझी वायर काढली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हा वॉर्डात एक लहान मुलगी तापाने फणफणली होती. आईलाही ओळखेना. सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी पेटीत वाचू या. पण मेंदूला सूज आहे, आता नव्याने काढणं धोक्याचं. जुनं उरलंय का?"

ताईंनी नवा फ्रीझर पालथा घातला. त्या पाण्याची नळी नाहीच! इकडे हमाल मला दोर बांधत होते.

"थांबा! हात लावू नका त्याला!" ताई धावत आल्या, माझ्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला आणि बर्फ हळूहळू फोडला. नळी मागच्या कोपऱ्यात चिकटलेली, अजून गोठलेलीच. वायर काढली तरी माझ्या बर्फाने तिला धरून ठेवले होते!

पेटीने वाचले. डॉक्टरांनी मुलीच्या आईला विचारले, "घरी शेळी आहे का हो?"

"अगंबाई! तुमच्या पेटीला आमची शेळी कशी ठाऊक?"

जंतू शेळीच्या दुधातला होता. पोरगी आचळाखाली तोंड धरून कच्चेच दूध प्यायची. औषध बदलले, आणि एके सकाळी ती म्हणाली, "आई, शेळीला पाणी पाजलंस का?" आई हसता हसता रडू लागली.

माझी भंगाराची वाट टळली, वायर पुन्हा जोडली गेली. घरी जाताना पोरीने माझ्या पोटाला कान लावला. "हा तर आमच्या आजोबांसारखा घोरतो!"

मित्रांनो, दूध उकळून प्या. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्याला बाहेर काढण्याआधी एकदा आत हात घालून बघा. ताई आजही करवादतात, पण मागच्या कोपऱ्यातला बर्फ काही खरवडत नाहीत.